पावसाळ्यात बागेच्या दिव्यांमुळे आरसीसीबी पडतो. जोडणी नव्याने कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीजवळ पाच गुंठ्यांचं आवार, जांभ्याच्या चिऱ्यांचं कंपाउंड, गेटपासून घरापर्यंत साधारण २५ मीटरची वाट. वाटेवर सहा दिवे, गेटच्या खांबांवर दोन आणि तुळशीपाशी एक, सगळे २३० व्होल्टवर. पहिला मोठा पाऊस झाला की आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) पडतो आणि घरभर अंधार होतो. चार दिवस उघडीप मिळाली की पुन्हा टिकतो. वायरमन म्हणतो, बागेची लाइन आरसीसीबीच्या बाहेरून घेऊ. तसं करावं का, की सगळं १२ व्होल्टवर न्यावं?

आरसीसीबी वगळून लाइन घेऊ नका. घरात पायात चप्पल आणि खाली कोरडी फरशी असते. बागेत ओल्या मातीवर अनवाणी उभं राहून माणूस दिव्याच्या लोखंडी खांबाला हात लावतो. संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज तिथेच आहे.

तो पडतो म्हणजे काय होतं, तेही बघा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मानकाप्रमाणे १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेही पडू शकतो. २३० व्होल्टला १५ मिलिअँपिअर गळती व्हायची तर इन्सुलेशनचा रोध १५ किलोओहमच्या आसपास घसरलेला असतो. चांगल्या जोडणीत तो कमीत कमी १ मेगओहम हवा, म्हणजे साठ-सत्तर पट जास्त. त्यामुळे ‘हवा दमट आहे, म्हणून पडतो’ हे खरं नव्हे. कुठला तरी सांधा किंवा दिवा आतून ओला आहे आणि वीज मातीत जाते आहे.

आरसीसीबी न वगळण्याला कोकणात आणखी एक कारण आहे. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग चांगलं मिळत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये माती सुकली की आणखी बिघडतं. समजा, तुमच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. दिव्याच्या धातूच्या अंगाला फेज लागली तर त्यातून फार तर ११.५ अँपिअर जातील. ६ अँपिअरच्या एमसीबीला (प्रवाह जास्त झाला की पडणाऱ्या स्विचला) एवढ्या प्रवाहावर पडायला कित्येक मिनिटं लागू शकतात, आणि तोवर दिव्याचा खांब जिवंत राहतो. क्षणात पडायला त्याच एमसीबीला, सी प्रकारचा असेल तर, ३० ते ६० अँपिअर लागतात. इथे माणसाला वाचवणारी एकच वस्तू आहे, ती आरसीसीबी.

वायरमनच्या म्हणण्यातला एक भाग मात्र घेण्यासारखा आहे. बागेच्या दोषापायी घराचा फ्रिज आणि पंखे बंद पडायला नकोत. त्यासाठी मेन स्विचनंतर, घराच्या आरसीसीबीच्या आधी, बागेसाठी स्वतंत्र फाटा काढा आणि त्यावर स्वतंत्र आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकत्र असलेला स्विच) बसवा: दोन पोलचा, ६ किंवा १० अँपिअर, ३० मिलिअँपिअर, ए टाइप. एलईडीच्या ड्रायव्हरमुळे (दिव्यातल्या वीज बदलून देणाऱ्या सर्किटमुळे) गळतीचा प्रवाह पूर्ण एसी राहत नाही, म्हणून एसी टाइपपेक्षा ए टाइप बरा. एकामागे एक असे दोन ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी लावून उपयोग नाही. दोषाच्या वेळी कोणता आधी पडेल याचा नेम नसतो, बहुतेक वेळा दोन्ही पडतात.

नवीन फाटा काढताना न्यूट्रलकडे डोळ्यांत तेल घालून बघा. बागेचा न्यूट्रल त्याच आरसीबीओतून परत आला पाहिजे. बरेचदा जवळच्या जंक्शनमध्ये बागेचा, घराचा आणि इन्व्हर्टरचा न्यूट्रल एकत्र पिळलेला असतो. मग पाऊस असो वा नसो, दिवा लावताच आरसीसीबी पडतो आणि दोष बिचाऱ्या दिव्यावर येतो.

आधी दोष शोधा

सगळं उकरण्याआधी दोष कुठे आहे ते ठरवा, आणि तेही आरसीसीबी पडत असलेल्या दिवशीच. कोरड्या दिवशी तपासून काही हाती लागत नाही. बोर्डावरून बागेच्या फाट्याचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवा. नुसता स्विच बंद करून चालत नाही, कारण साधा स्विच फेज तोडतो आणि न्यूट्रल तसाच राहतो. ओल्या सांध्यातून न्यूट्रल मातीला लागला असेल तर दिवे बंद असतानाही, घरातलं दुसरं काही चालू झालं की परतीचा थोडा प्रवाह मातीतून जातो आणि आरसीसीबी पडतो. ‘दिवे बंद होते, तरी पडला’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासा. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून ती जोडी एका टोकाला आणि अर्थ दुसऱ्या टोकाला. दोन्ही एकत्र जोडायचे कारण त्यामुळे ५०० व्होल्ट एलईडी ड्रायव्हरच्या आरपार जात नाहीत. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये मेगर लावला तर ड्रायव्हर जळतात. आकडा १ मेगओहमच्या खाली आला की वाटेच्या मधला जंक्शन बॉक्स उघडून लाइन तिथे तोडा आणि दोन्ही अर्धे भाग वेगळे मोजा. खराब अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. सहा दिव्यांच्या रांगेत तीन मोजण्यांत दोष सापडतो. एखाद्या दिव्यात सर्जपासूनचं संरक्षण अर्थला जोडलेलं असेल तर तो दिवा सोडवूनच मोजा, नाहीतर चांगली लाइनही खराब दिसते.

हे काम आणि बोर्डातलं काम परवानाधारक ठेकेदाराच्या तारतंत्रीकडूनच करून घ्या. चर खणणं, पाइप टाकणं, दिव्यांचे चौथरे बांधणं तुम्ही स्वतः करू शकता. खर्चातला मोठा भाग तिथेच वाचतो.

बारा, चोवीस की दोनशे तीस?

वाटेचे सहा दिवे आणि तुळशीपाशचा एक, प्रत्येकी ५ वॉट धरले तर ३५ वॉट होतात. बोर्डापासून लांबच्या दिव्यापर्यंत ३० मीटर धरू आणि सगळा भार टोकाला आहे अशी वाईटातली वाईट स्थिती घेऊ. १२ व्होल्टला प्रवाह २.९ अँपिअर होतो. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन साधारण २ व्होल्ट पडतात, म्हणजे १७ टक्के. घराजवळचे दिवे लख्ख आणि गेटजवळचे मलूल, हे याचंच रूप. तोच भार २४ व्होल्टवर २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेने नेला तर घट ०.६ व्होल्ट, म्हणजे अडीच टक्के. पाच टक्क्यांच्या आतली घट डोळ्याला जाणवत नाही. म्हणून १२ व्होल्ट एवढ्या अंतराला सोडूनच द्या.

माझा सल्ला असा: हाताला, पायाला लागणारे वाटेवरचे आणि तुळशीपाशचे दिवे २४ व्होल्ट डीसीवर. गेटच्या खांबांवरचे दोन दिवे उंचावर आहेत, ते २३० व्होल्टवरच राहू देत. त्यांना ८-९ वॉटचे बल्ब पुरतात आणि पुढेमागे बल्ब बदलणंही सोपं जातं.

२४ व्होल्टसाठी ६० वॉटचा, इनपुट-आउटपुट पूर्ण अलग असलेला, नामांकित कंपनीचा एसएमपीएस (२३० व्होल्टचे २४ व्होल्ट डीसी करून देणारा डबा) घ्या. ३५ वॉटला ४० वॉटचा घेतला तर तो सतत तापतो आणि आतले कपॅसिटर लवकर जातात. साठ-सत्तर टक्के भारावर चाललेला बरीच वर्षं टिकतो. तो पडवीत किंवा आत, छपराखाली आणि हवा खेळेल अशा जागी ठेवा. बाहेर ठेवायचाच असेल तर राळ ओतून बंद केलेला आयपी ६७ प्रकारचा (धूळ आणि थोडा वेळ पाण्यात बुडणं सोसणारा) घ्या.

पण २४ व्होल्ट म्हणजे सांधे कसेही केले तरी चालतात, असं नाही. शॉक बसत नाही एवढंच. डीसीमध्ये ओल्या सांध्यात विद्युत अपघटन होतं आणि धन तारेचं तांबं अक्षरशः खाल्लं जातं. सांधा उघडला की आत हिरवी भुकटी मिळते. एसीपेक्षा डीसीत हे कितीतरी लवकर घडतं.

जमिनीखालचं काम

पैसे खर्च करायचे ते इथे. दिवा बदलायला दहा मिनिटं लागतात. केबल बदलायची तर अख्खी वाट उकरावी लागते.

पहिली चूक जवळपास प्रत्येक घरात दिसते: घरातल्या वायरिंगच्या सुट्या तारा पीव्हीसी पाइपात घालून जमिनीत पुरलेल्या. जमिनीतला पाइप कोरडा राहत नाही. सांध्यांतून पाणी शिरतं, आणि नाही शिरलं तरी रात्री आत दव धरतं. पावसाळ्यात तो भरलेलाच असतो. एकेरी इन्सुलेशनची तार महिनोन्महिने पाण्यात पडून राहण्यासाठी केलेली नसते. २३० व्होल्टसाठी तीन कोअर, २.५ चौरस मिलिमीटर, तांब्याची, एक्सएलपीई (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) इन्सुलेशनची आर्मर्ड केबल घ्या. तिच्या लोखंडी तारांच्या चिलखतामुळे घूस, उंदीर आणि माळ्याची कुदळ तिघांपासून बचाव होतो. चिलखत बोर्डाच्या टोकाला पितळी ग्लँडने (केबल घट्ट धरणाऱ्या जोडणीने) अर्थला जोडा, पण अर्थसाठी तिसरा कोअर वापराच. गंजलेल्या चिलखताच्या भरवशावर राहू नका. २४ व्होल्टसाठी दोन कोअर, २.५ चौरस मिलिमीटरची, बाहेरच्या वापराची आवरणवाली केबल जाड एचडीपीई पाइपातून न्या. दोन्ही एकाच चरात चालतील, एकाच पाइपात नकोत.

खोली किती? आयएस १२५५ ही भारतीय मानक संहिता कमी दाबाच्या केबलसाठी ७५ सेंटिमीटर सांगते. गाडी जाते तिथे तेवढी द्याच आणि केबल पाइपातून न्या. बाकी वाटेवर कातळ लागून अडलात तर ४५ सेंटिमीटरच्या वर येऊ नका. चराच्या तळाशी साडेसात सेंटिमीटर वाळू, त्यावर केबल, वर पुन्हा तेवढीच वाळू, मग विटा किंवा फुटक्या चिऱ्यांच्या कपच्या, अर्धी माती भरून झाल्यावर धोक्याची पिवळी किंवा लाल पट्टी, आणि वर उरलेली माती. खडे थेट केबलवर पडता कामा नयेत. गाडीच्या वजनाखाली एखादा टोकदार खडा दोन वर्षांत आवरण भेदतो. ४५ सेंटिमीटरही मिळत नसेल तर चराचा हट्ट सोडा आणि केबल कंपाउंडच्या आतल्या अंगाने, जमिनीपासून फूटभर उंचीवर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपातून क्लँप मारून न्या.

माडांपासून दोन मीटर लांब राहा. दरवर्षी खतासाठी आळी उकरली जातात, ती बुंध्यापासून १.८ मीटरपर्यंत जातात. केबल तुटण्याच्या घटना तिथेच जास्त घडतात.

कामाचा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाने मऊ झालेली जमीन तेव्हा खणायला सोपी जाते; मार्चनंतर जांभा दगडासारखा होतो.

सांधे

जमिनीखाली एकही सांधा ठेवू नका. प्रत्येक दिव्यापाशी केबल वर आणा, जमिनीपासून २० ते ३० सेंटिमीटरवर आयपी ६६ चा (धूळ आणि पाण्याचा जोरदार मारा अडवणारा) जंक्शन बॉक्स लावा आणि तिथे आत-बाहेर जोडणी करा. केबल बॉक्समध्ये नेहमी खालून, मापाच्या ग्लँडमधून घ्या. वरून भोक पाडून सिलिकॉन भरलेला बॉक्स दुसऱ्या पावसाळ्यात गळतोच. वापरात नसलेली भोकं बुचाने बंद करा. मुंग्या माती भरतात, पाली आत शिरून टर्मिनलवर चिकटून मरतात आणि आरसीसीबी पाडतात.

आर्मर्ड केबल थेट दिव्यात घुसवायच्या भानगडीत पडू नका. दिव्यांची टर्मिनलं लहान असतात, २.५ च्या दोन-दोन जाड तारा कोंबल्या की रबरी सील नीट बसत नाही. जंक्शन बॉक्सपासून दिव्यापर्यंत १ चौरस मिलिमीटरची रबरी आवरणाची लवचीक केबल न्या. ६ अँपिअरच्या संरक्षणाला ती पुरते. आरसीबीओ १० अँपिअरचा घेतला असेल तर दीडची न्या.

तारेच्या टोकांना फेरूल (धातूची बारीक नळी) दाबा. सरळ सांधा लागलाच तर क्रिंप करून (पकडीने दाबून) वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा, किंवा जेल भरलेला कनेक्टर वापरा. काळी इन्सुलेशन टेप पाणी अडवत नाही, एका पावसाळ्यात तिचा गोंद सुटतो.

दिव्यासोबत आलेली फूटभर वायर हेही पाण्याचं दार आहे. दिवा चालू असताना तापतो, अचानक सर आली की थंड होतो, आतली हवा आक्रसते आणि कुठून ना कुठून हवा ओढली जाते. वायरचं दुसरं टोक ओल्या सांध्यात असेल तर बारीक तारांच्या मधल्या फटींतून पाणी थेट दिव्यात चढतं. आयपी ६७ चा दिवा आतून ओला झालेला दिसतो आणि लोक दिव्याला दोष देतात. सील शाबूत असतं, पाणी वायरच्या आतून आलेलं असतं.

चिऱ्याची भिंत आणि गेटचे खांब

जांभा पाणी पितो. चार महिने भिंत आतून ओली असते, त्यामुळे भिंतीवरच्या दिव्यात पाणी मागून शिरतं. दिवा भिंतीला चिकटवू नका. मागे पीव्हीसीची ५-६ मिलिमीटर जाडीची पट्टी देऊन फट ठेवा. सिलिकॉन वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना भरा, खालची कड मोकळी ठेवा. चारही बाजू भरल्या तर आत आलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. केबल दिव्यात शिरण्याआधी खाली झोका द्या, म्हणजे थेंब तिथे गळून पडतो.

खांबावरच्या गोल दिव्याखाली एक इंच उंच चौथरा करा आणि खांबाच्या माथ्याला चारी बाजूंनी उतार द्या. खांबातून वर येणारा पाइप जमिनीतली दमट हवा थेट दिव्यात सोडतो, म्हणून त्याचं वरचं तोंड केबलभोवती सीलिंग कंपाउंडने बंद करा.

दिवे निवडताना

समुद्र जवळ असेल तर डायकास्ट ॲल्युमिनियमच्या दिव्यांचा पावडर कोट दोन-तीन वर्षांत फुगतो आणि खालचं ॲल्युमिनियम पांढरं पडून झडतं. वाटेसाठी उन्हाला टिकणाऱ्या पॉलिकार्बोनेटचे बोलार्ड (ठेंगणे खांबदिवे) घ्या. स्क्रू ३१६ स्टेनलेसचे. ३०४ वरही खाऱ्या हवेत तांबूस डाग पडतात.

उंची ६० सेंटिमीटर, प्रकाश खाली पडणारा, चार-सव्वाचार मीटरवर एक. झाडांवर खालून झोत मारण्याचा मोह होतो, पण कोकणातल्या आवारात दिव्यांचं पहिलं काम पायाखालची वाट दाखवणं हे आहे. फुरसं वाटेवर पडलेलं असेल तर ते दिसायला हवं, आणि डोळ्यांवर येणारा झोत वाट उलट काळोखी करतो. रंग २७०० ते ३००० केल्विन. पिवळसर प्रकाशाकडे पांढऱ्यापेक्षा किडे कमी येतात. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे निघतात तेव्हा हा फरक समजतो.

जमिनीत गाडायचे दिवे टाळा. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो तिथे त्यांचा खड्डा डबकं होतो. घ्यायचेच असतील तर खाली किमान फूटभर खडी आणि पाण्याला निघायला वाट द्या. सौर दिव्यांवर वाटेची भिस्त ठेवू नका: जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस ऊन नसतं, आणि दिव्याची गरज तेव्हाच जास्त असते.

गेटचे दिवे फोटोसेलवर (अंधार पडला की दिवा लावणाऱ्या सेन्सरवर) रात्रभर चालू द्या. फोटोसेलवर त्याच दिव्याचा उजेड पडणार नाही असा लावा, नाहीतर दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. वाटेचे दिवे टायमरवर, रात्री अकरापर्यंत पुरेत.

आकाशकंदिलासाठी आणि दिवाळीच्या माळांसाठी पडवीबाहेर झाकणाचा आयपी ६६ सॉकेट याच आरसीबीओवर आत्ताच काढून ठेवा. तो नसला की खिडकीतून घरातल्या प्लगवर टाकलेली एक्स्टेंशन तुळशीच्या लग्नापर्यंत अंगणात दवात पडून राहते.

चर बुजवण्याआधी मेगर लावा. नव्या केबलचा आकडा शेकडो मेगओहममध्ये यायला हवा. दहा-वीसच आला तर कुठेतरी आवरण सोललं आहे, आणि तेव्हा शोधणं सोपं असतं. सगळी जोडणी झाल्यावर पुन्हा मोजा, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर तिसऱ्यांदा. तीनही आकडे तारखेसह बोर्डाच्या दाराच्या आत लिहा. पुढच्या वर्षी आकडा ५० वरून ५ वर आलेला दिसला, तर आरसीबीओ पडायची वाट न बघता कोणता बॉक्स गळतो ते शोधता येतं. उघड्या चराचे फोटोही काढा, भिंतीपासूनची अंतरं दिसतील असे टेप लावून.

आरसीबीओवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. ते दाबल्यावर आरसीबीओ पडला म्हणजे त्याची यंत्रणा चालू आहे एवढंच कळतं; अर्थिंग ठीक आहे की नाही हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वर्षातून एकदा, मेच्या शेवटी, माती सगळ्यात कोरडी असताना अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्या.